अब्बू, तुमची मुदत किती?

जानेवारी २०२२ मध्ये माझा मोठा भाऊ अडीच वर्षांनी घरी आला. रात्री जेवणे झाली, बॅगा उघडल्या, शेजारीपाजारी खजूर पोचते झाले. त्याचा मधला मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. तो बापाला टेकून बसला होता. अगदी सहज विचारावे तसे त्याने विचारले, "अब्बू, तुमची मुदत किती? एक्झिट-रीएंट्री किती दिवसांची आहे?"

सगळे हसले. भाबी हसली नाही. भाईने "पंचेचाळीस दिवस" असे उत्तर दिले आणि तो एकदम गप्प झाला. परदेशी विमानतळावर खिडकीमागचा माणूस जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न त्याला त्याच्या घरात, त्याच्याच मुलाने विचारला होता.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलाच्या तोंडी एखादा शब्द आला की तो कुठून आला याचा माग काढण्याची आम्हा शिक्षकांना सवय असते. हा शब्द कुठून आला हे मात्र मला शोधावे लागले नाही. तो मुलगा २०१२ साली दम्मामला जन्मला. इकामा, मुदत, नूतनीकरण हे शब्द त्याने बाराखडीच्या आधी ऐकले होते. ते शब्द त्याच्या बापावरच उलटावेत, अशी वेळ आणण्यात माझाही हात होता. म्हणून हा लेख.

भाई २००१ साली इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन सौदी अरेबियात गेला. कोकणपट्टीत, रत्नागिरी-रायगडपासून आमच्या ठाणे जिल्ह्यापर्यंत, ही काही नवलाची गोष्ट नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामे निघाली आणि आपल्या मोहल्ल्यांतली तरुण पोरे तिकडे निघाली. म्हशातल्या आमच्या घराचा स्लॅब, बहिणीचे लग्न, अब्बांच्या डोळ्यांचे ऑपरेशन, माझ्या बी.एड.ची फी, हे सारे त्या रियालांतून झाले. सात वर्षे एकटे राहिल्यावर २००८ मध्ये भाईने भाबीला तिकडे नेले. तीन मुले तिथेच झाली. थोरली दम्मामच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूलमध्ये जाऊ लागली. दर वर्षी इकाम्याचे नूतनीकरण होई आणि त्याबरोबर बायकोमुलांचेही. ते होईपर्यंत घरात थोडी धाकधूक, झाले की शुकराना. वर्षामागून वर्षे अशी गेली.

जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या प्रत्येक आश्रितावर महिना शंभर रियाल फी बसवली. दर वर्षी ती शंभराने वाढायची होती. २०१८ मध्ये दोनशे, २०१९ मध्ये तीनशे, २०२० मध्ये चारशे. वर्षभराची रक्कम इकाम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ भरायची. भाईने मला फोन केला. म्हणाला, "तू मास्तर आहेस, जरा हिशेब मांडून दे."

मी मांडला. आश्रित चार, भाईचा पगार चार हजार आठशे रियाल. पहिल्या वर्षाची फी चार हजार आठशे, म्हणजे एका महिन्याचा पगार. दुसऱ्या वर्षी दोन महिन्यांचा, तिसऱ्या वर्षी तीन महिन्यांचा, चौथ्या वर्षी चार महिन्यांचा. वहीत पाढ्यासारखा उतरलेला तो हिशेब पाहून मी त्याला सांगितले, "भाई, यांना घरी पाठव. पैसे वाचतील. तू वर्षाला एकदा येत जा." त्याने दोन वर्षे ओढाताण करून काढली आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तो सगळ्यांना म्हशाला सोडून गेला. पुढच्या मार्चमध्ये कोरोना आला. दोन्हीकडची विमाने बंद झाली. नंतर इकडे येण्याच्या वाटा उघडल्या, तरी भारतातून थेट सौदीत परतण्याची सरसकट परवानगी १ डिसेंबर २०२१ पर्यंत नव्हती. आला असता तर नोकरी गेली असती. वर्षाला एकदा हा माझा हिशेब पहिल्याच वर्षी कोलमडला.

भाबी कधी तक्रार करत नाही. एकदाच म्हणाली, "तुम्ही आम्हाला चारने गुणलंत. बरोबरच होतं गणित. पण आम्ही त्यात आकडाच होतो ना?"

या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. परंतु त्यातून जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ आमच्या घरचा नाही. एखाद्या देशाने माणसाला कामासाठी बोलावले, वीस वर्षे त्याच्याकडून काम घेतले, त्याच्या बायकोमुलांना कायदेशीर प्रवेश दिला, तर पुढे त्यांच्या राहण्याची मुदत वाढवणे ही त्या देशाची मेहरबानी असते, की त्या माणसाचा काही हक तयार झालेला असतो?

आधी त्या राज्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१४ च्या मध्यापर्यंत शंभर डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली गेले होते. तिजोरीला तूट होती. त्यांच्या स्वतःच्या तरुणांना नोकऱ्या हव्या होत्या. परदेशी नोकरदाराच्या पगारावर तिथे आयकर नाही. स्वस्त वीज, पाणी आणि पेट्रोल त्याचे कुटुंबही वापरते. शिवाय करार पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता. तू कामासाठी येत आहेस, तात्पुरता येत आहेस, येथील नागरिक होणार नाहीस. भाईने त्यावर राजीखुशीने सही केली होती. मग तक्रार कशाची?

हा युक्तिवाद पोकळ नाही. पण तो ऐकताना मला आपल्याच मातीतली एक गोष्ट आठवते. आपल्याकडे कुळेही वर्षाच्या बोलीवर जमीन कसत. मालक म्हणे, करार वर्षाचा आहे, पुढच्या वर्षी मी दुसऱ्याला देईन. कुळ मात्र दर वर्षी तीच जमीन नांगरी, तिचे बांध घाली, तिच्यातले दगड वेची. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने सांगितले, की वर्षावर वर्षे चढत गेली म्हणजे त्यातून काहीतरी निर्माण होते. कागदावर मुदत वर्षाची असेल, पण माणसाचे आयुष्य त्या जमिनीत गेलेले असते. आपल्यापैकी काही घरांच्या जमिनी या कायद्यात गेल्या, काही घरांना मिळाल्या. ज्यांच्या गेल्या ते आजही कुरकुरतात. पण कसणाऱ्याचा काहीच हक नव्हता, असे आज छातीठोकपणे कोण म्हणेल?

देश म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे, हे मला कळते. भाईने दम्मामची मालकी मागितलेली नाही, नागरिकत्वही मागितलेले नाही. त्याची मागणी फार लहान होती. ज्या अटींवर माझ्या बायकोमुलांना येऊ दिलेत, त्याच अटींवर मी काम करतो तोवर त्यांना राहू द्या. नवा नियम करायचा तर नव्याने येणाऱ्यांना तो दारातच सांगा, म्हणजे ते विचार करून पाऊल टाकतील. अकरा वर्षे संसार मांडू देऊन मग माणशी भाडे वाढवत नेणे म्हणजे "जा" असे न म्हणता घालवणे. तेविसाव्या वर्षी केलेली सही पंचेचाळिशीतल्या बापाला तशीच्या तशी बांधत नाही. मधल्या प्रत्येक नूतनीकरणाने त्या राज्याने त्याला "रहा" असेच सांगितलेले असते. त्या "रहा"वर विसंबून तो मुले शाळेत घालतो. कोणाला आपल्या शब्दावर विसंबू देणे हीसुद्धा जबाबदारी आहे.

दुसरी गोष्ट. ही फी कोणत्या सेवेची नव्हती. मुलगी शाळेत जाते म्हणून नाही, दवाखान्यात जाते म्हणून नाही, ती आहे म्हणून. आणि असण्याची किंमत सर्वांना सारखी लावली की ती सारखी पडत नाही. मोठ्या पगाराच्या इंजिनियरने ती भरली आणि त्याचे कुटुंब तिथेच राहिले. तंत्रज्ञाचे कुटुंब परतले. म्हणजे आपल्या मुलांसोबत राहणे हा पगाराच्या पायरीवर मिळणारा भत्ता झाला.

हे सौदीपुरते मर्यादित नाही. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये कुटुंबाचा व्हिसा पुन्हा सुरू केला, तेव्हा दरमहा आठशे दिनार पगार आणि पदवी अशी अट घातली. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या परदेशी काळजीवाहू कामगारांना जोडीदार व मुले आणण्यास मनाई केली. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना भरवायला, न्हाऊ घालायला ज्या बाईला बोलावले, तिने स्वतःचे लेकरू मागे ठेवायचे! म्हणून या प्रश्नाला धर्माचा किंवा एखाद्या देशाचा रंग देऊ नये. काम हवे, पण काम करणाऱ्याचे घर नको, ही वृत्ती सगळीकडे आहे.

ती टिकत नाही, असा अनुभवही आहे. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून मजूर बोलावले. दोन वर्षांनी परत जायचे आणि दुसरे यायचे, अशी सुरुवातीची कल्पना होती. पण कारखानदारांनाच शिकवून तयार केलेले हात सोडवेनात. १९७३ मध्ये भरती बंद झाली. आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून मजुरांनी बायकोमुलांना बोलावून घेतले. त्या "पाहुण्यांच्या" मुलांना जन्माने नागरिकत्व मिळण्याची वाट २००० साली कायद्याने उघडली. मायकेल वॉल्झर या अमेरिकन विचारवंताने १९८३ च्या आपल्या 'स्फिअर्स ऑफ जस्टिस' या ग्रंथात अशा पाहुण्या कामगारांचा विचार केला आहे. समाजाचे काम ज्यांच्याकडून करून घ्यायचे, त्यांना त्या समाजाच्या कायम बाहेर ठेवणे ही एक प्रकारची जुलूमशाहीच होय, असा त्याचा रोख आहे.

पण आपल्याला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. हिजरतीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केत मागे राहिलेल्या आपल्या कुटुंबियांना माणसे पाठवून मदिनेला आणवून घेतले. हजरत उमर (रजि.) यांची रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो. रात्री गस्त घालताना त्यांच्या कानी एका स्त्रीचा विलाप पडला. तिचा पती मोहिमेवर होता. त्यांनी आपली कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले, की स्त्री पतीविना किती काळ धीर धरू शकते? उत्तरात काही रिवायतींत चार महिने येतात, काहींत सहा. त्यानंतर सैनिकांना त्याहून अधिक काळ घराबाहेर ठेवू नये, असा हुकूम निघाला. राज्याला सैनिक हवे होते, सरहद्दी सांभाळायच्या होत्या. तरीही खलिफाने मुदत ठरवली ती घरापासून दूर राहण्याची. आज मुदत ठरते ती घरच्यांसोबत राहण्याची. हा फरक मला बेचैन करतो.

इथवर लिहून थांबलो असतो, तर लेख सोपा झाला असता. दोष दूरच्या बादशाहीवर टाकून मोकळे होता आले असते. पण मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती माझ्याविरुद्ध जाते.

नोव्हेंबर २०१८ ची गोष्ट. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा उत्तर प्रदेशातला एक माणूस शाळेत आला. बायकोमुलांना त्याने नुकतेच गावाहून आणले होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून उभा होता. मुख्याध्यापक रजेवर होते, प्रवेशाचे काम माझ्याकडे होते. मी दाखला मागितला. तो म्हणाला, "गाँव से मँगवाया है साहब, आ जाएगा." मी म्हटले, "दाखला घेऊन जूनमध्ये या." शिक्षणहक्क कायदा २००९ चा. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्यात लिहिलेले आहे आणि मला ते पाठ होते. तरी वर्ष अर्धे सरले आहे, पटाची कटकट नको, म्हणून मी त्याला परत पाठवले. जूनमध्ये तो आला नाही. त्या जूनमध्ये भाईची मुले मात्र आली. दम्मामचे कागद अजून यायचे होते, तरी माझ्या पुतण्याचे नाव दुसरीच्या पटावर एका दिवसात चढले. पालकाच्या रकान्यात सही माझीच होती.

म्हणजे मीही एका खिडकीमागे बसलो होतो. माझ्या हाती इकाम्याचा शिक्का नव्हता, प्रवेशाचे रजिस्टर होते, एवढेच.

आजूबाजूला पाहा. भिवंडीतले यंत्रमाग ज्यांच्या हातांवर चालतात, ते उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर वर्षानुवर्षे बिस्सीत जेवतात, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपतात. त्यांची बायकामुले गावी. पंधरा-वीस वर्षे इथे काढलेला माणूसही "बाहेरचा"च राहतो. कारखाने आणि खोल्या यांचे मालक अनेकदा आपणच असतो. मे २०२० मध्ये हीच माणसे शेजारच्या शहापूर तालुक्यातून, महामार्गाने, कसारा घाटाकडे पायी चालत होती. भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली तेव्हा आपण हळहळलो. पण त्यांना इथे घर असते, घरात बायकोमुले असती, तर ते इतक्या तातडीने निघाले असते का, हे आपण स्वतःला विचारले नाही. आमच्या मुरबाड-शहापूरची कातकरी आणि ठाकर कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. ते तर मुलाबाळांसकट जातात, पण मुलांची शाळा मागे राहते. एकाला कुटुंब मागे ठेवावे लागते, दुसऱ्याला मुलाचे शिक्षण. काम घेणाऱ्याला दोघांचेही फक्त हात हवे असतात.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० मध्ये स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबियांच्या हक्कांचा करार संमत केला. कुटुंबाची ताटातूट होऊ नये, ते एकत्र यावे यासाठी राज्यांनी पावले उचलावीत, असे त्यात आहे. २००३ पासून तो अमलात आहे. आखाती राज्यांनी त्याला मान्यता दिलेली नाही. भारतानेही दिलेली नाही. मागणी करायची तर प्रथम आपल्या सरकारकडे करावी लागेल. आणि त्याही आधी आपल्या मोहल्ल्याकडे.

मजुराची मजुरी वेळेवर देण्याची ताकीद आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. पण मजुरी म्हणजे केवळ नोटा का? संध्याकाळी घरी जाऊन मुलाचा अभ्यास घेता यावा, एवढे आयुष्य माणसाच्या हातात उरणे हाही मजुरीचाच भाग आहे. कारखान्याच्या मालकाला कुटुंबासह राहता येईल अशी खोली देता येईल. घरमालकाला भाडेचिठ्ठी देता येईल, तिच्यावर त्या मुलांचे कागद होतात. शिक्षकाला नोव्हेंबरमध्येही पटावर नाव चढवता येईल. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते कपाटात न ठेवता मुलाच्या हाती देता येईल. यातले काहीही करायला बादशहाचे फर्मान लागत नाही.

दर वर्षी पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. जनावरांचा बाजार लागतो, पाले पडतात आणि जत्रा सरली की पाले उठतात. कोणाला त्याचे वाईट वाटत नाही, कारण जत्रा हीच ती, थोड्या दिवसांची. वीस वर्षे राबलेल्या माणसाचा संसार मात्र जत्रा नव्हे. त्याचे पाल कधी उठवायचे, हे दुसऱ्याने दर वर्षी ठरवू नये.

भाई अजून तिकडेच आहे. सुट्टीवर येतो, जातो. मधला आता चौदा वर्षांचा होईल. तो बापाला मुदत विचारत नाही. तारीख त्याला आधीच माहीत असते. मी आजही शाळेच्या कागदांवर पालकाच्या रकान्यात सही करतो. सही करताना कधी कधी तो नोव्हेंबरातला माणूस आठवतो आणि त्याच्या हातातला तो लहान हात. ते कुटुंब आता कुठे असेल, ठाऊक नाही. इतके मात्र मी ठरवले आहे, की यापुढे माझ्या खिडकीवर कोणी मूल घेऊन उभा राहिला, तर त्याची मुदत विचारायची नाही. नाव विचारायचे आणि लिहून घ्यायचे.